परक्या वलांडीवरची मासळी

नाव हिराबाई लिवा. कोळीन मी, अलिबागच्या खालच्या अंगाला आमचं गाव, दारात उभं राहिलं की समुद्र. बाप खलाशी, मालक खलाशी, आनि मी लग्न होऊन आले तशी बाजारात मासळी घेऊन बसले, ती महेश इंजिनेर होईस्तवर बसले. बोंबील घरीच सुकवायची. वलांडी म्हंजे बगा, बांबू उभे करायचे, दोऱ्या ओढून बांधायच्या आनि बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगायचे. आनि आभाळ आलं की सगळी आळी धावते, काय सांगू तुमाला, माझी मासळी तुझी मासळी कोन बघत नाय, हाताला लागेल ती काढायची नि जवळच्या घरात टाकायची. जिच्याशी सहा महिने बोलचाल नाय, तिचीपन काढायची. भांडन नंतर करता येतं.

मालक गेले तसं महेशनं मला इकडं स्टुटगार्टला आनलं, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सून अनुजा पुन्याची, मुलगी चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पन मी सुकट आनली होती, तिचा वास जिन्यात गेला, खालच्या बाईनं तक्रार केली, मंग डबा गेला तळघरात, केलरात म्हनतात इथं, सायकलींच्या मागं. महेश म्हनाला आई, लोकांसमोर मासळीचं काढू नको, मी ऑफिसात सांगितलंय आईचा एक्सपोर्टचा बिझनेस होता. मी म्हटलं बरं. मी एक्सपोर्ट केली ती अलिबागच्या एस्टी स्टँडापर्यंत. तेव्हा हसले मी, पन रात्रभर ते मनात टोचत राहिलं. नात रिया तेव्हा नऊ वर्षांची, मराठी सगळं समजायचं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

त्याच उन्हाळ्यात महेश म्हनाला, आईनं जन्मभर बोटी किनाऱ्यावरून बघितल्या, आता तिला मोठ्या बोटीत बसवू. प्रेम आहे हो त्याचं, ते नाय म्हनत नाय मी. ब्रेमरहाफनवरून बोट निघाली नि कितीतरी दिवसांनी ग्रीनलँडला लागली. पान्यात बर्फाचे डोंगर चाललेत, आनि किनाऱ्याला एवढंसं गाव, लाल निळी घरं, मानसं असतील साठ-सत्तर नि छोट्या बोटींतून आमी उतरलो दोनशे. सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. दारात बसलेल्या म्हाताऱ्याचा फोटो, दोरीवरच्या कपड्यांचा फोटो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या आळीतपन यायचे असे, नाकाला रुमाल लावून फोटो काढायचे.

आनि तिथं बघते तर काय, वलांडी! लाकडाची होती, पन वलांडीच. माशाच्या शेपटीला शेपटी बांधून जोड्या टांगलेल्या. मी बघतच राहिले. तेवढ्यात आभाळ आलं, पान्याचे चार थेंब तोंडावर पडले, नि लोक आपले टोप्या चढवतायत, कोनी हलायला तयार नाय. मी शाल कमरेला खोचली नि सुरू झाले. काढल्या मासळ्या, धरल्या पोटाशी, समोरच्या घराच्या दारात टाकल्या, परत धावले. अर्धी वलांडी मोकळी केली मी!

मंग आमची गाईडबाई ओरडत आली. मागं माझ्याकडं कॅमेरे वळलेले. मासळीची मालकीन घरातून बाहेर येऊन नुसती बघत उभी. महेश लालबुंद, गाईडला काहीतरी बोलला नि बोट डोक्याकडं नेलं. मी रियाला विचारलं, पापा काय बोलला गं? ती मान खाली घालून म्हनाली, आजी, पापा बोलला तुला काही कळत नाही आता, तू विसरतेस. मराठीत बोलली ती, पहिल्यांदा एवढं लांब वाक्य. माझ्या हातातल्या मासळ्या हातातच राहिल्या. एक्सपोर्टवाली केलंस तिथवर ठीक होतं रे, पन येडी?

पोरीनं माझ्याकडं बघितलं नि गाईडबाईच्या समोर जाऊन उभी राहिली. जर्मनमध्ये सुरू झाली, हात वर करून आभाळ दाखवते, वलांडी दाखवते, मला दाखवते. मी तिला झोपताना सांगायची ना आमच्या आळीचं, ते सगळं तिनं सांगितलं. गाईडनं त्या मालकिनीला तिच्या भाषेत सांगितलं. ती माझ्याच वयाची, दात पडलेली. आधी हसली, पोट धरून हसली, मंग माझा हात धरून वलांडीकडं नेलं नि तोंडानं फू फू करून दाखवलं. आमाला ऊन लागतं, तिचं काम थंड वाऱ्यानं होतं, चार थेंबांनी तिचं काय बिघडत नाय. उगाच तिचं काम वाढवलं मी! मंग दोघी परत टांगायला लागलो.

जरा वेळानं मागून आवाज आला, आये, सरक. लहानपनी म्हनायचा तसा, इकडं आल्यापासून मी नुसती आई. खाली बघतच बोलला तो. वीस वर्षं दोरीला हात लावला नव्हता त्यानं, पन जोडी कशी टांगायची विसरला नव्हता. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, दोघांचेपन.

संध्याकाळी जेवनाच्या टेबलावर शेजारच्या जर्मन जोडप्यानं मला काहीतरी विचारलं. महेशनं काटा खाली ठेवला नि सांगितलं, माइने मुटर हाट फिश फरकाउफ्ट. माझ्या आईनं मासळी विकली. तेवढं एक जर्मन मला पाठ आहे.

आता ही माझी तिसरी खेप. सुकटीचा डबा वर आला, खिडकी उघडून अनुजाच भाजते. त्या बाईची वलांडी भरलेली राहो नि तिचा वारा कधी न पडो, मी रोज दिवा लावताना म्हनते. आनि तुमी लिवताना तो बिझनेस-बिझनेस काय लिवू नका हां. मासळी विकली, असंच लिवा.