दीड तास टेबलाखाली

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस.

"मेमो? तुला? काय केलंस गं?"

"लपले, ताई."

"म्हणजे?"

"काल तालीम होती. कॉलेजात हल्लेखोर घुसला तर काय करायचं, त्याची. भोंगा वाजला की दार लावा, दिवे घालवा, आणि निरोप येईपर्यंत हूं की चूं करू नका."

"मग?"

"दाराला आतून कडीच नाही! तीन अर्ज दिलेत मी. शेवटी कपाट सरकवलं दाराशी आणि बावीस पोरं घेऊन टेबलाखाली बसले. दीड तास!"

"एवढी लांब तालीम?"

"कसली! वीस मिनिटांत आटोपली. बाकीच्यांनी मैदानात सह्या केल्या, चहा घेतला. आम्हाला निरोपच नाही. मध्ये कुणी तरी दार वाजवलं, पण वाजवलं तरी उघडायचं नाही, हे प्राचार्यांनीच शिकवलेलं."

"आणि वर मेमो तुलाच? चोर सोडून संन्याशाला फाशी! काय लिहिलंय?"

"'सहीच्या वेळी शोधूनही सापडल्या नाहीत. खुलासा करावा.'"

"काढ पेन. लिही, खरा हल्लेखोर आला तर त्यालाही सापडणार नाही. त्याआधी तेवढी कडी बसवा."