दोघंही विजयी

मनोहरराव : अगं, पण टेबल टेनिस खेळताना मुद्दाम नेटमध्ये सर्व्हिस कोण मारतं?

दीक्षा : त्याहीनं मारली ना, काका.

मनोहरराव : ते प्रमुख पाहुणे आहेत.

दीक्षा : मंग मी कोण हाय?

मनोहरराव : तू... तू आपल्या संस्थेची शान आहेस. पण दहा-दहावर सामना किती वेळ अडकला, पाहिलंस? ते नेटमध्ये मारतात, तू नेटमध्ये मारतेस. चेंडू पलीकडे जायलाच तयार नाही. टाळ्या कशासाठी वाजवायच्या तेही लोकांना कळेना.

दीक्षा : तुम्हीच माइकवर म्हणून राहिले होते, 'अटीतटीची लढत'.

मनोहरराव : मग काय म्हणायला हवं होतं मी?

दीक्षा : नाही, बराबर म्हटलं.

मनोहरराव : शेवटी 'दोघंही विजयी' असं जाहीर करून सगळ्यांना चहाला पाठवावं लागलं. आपल्या दिव्यांग क्रीडा महोत्सवात असं कधीच झालं नव्हतं.

दीक्षा : खरं सांगा, काका. गिरिधरशेटले हरायले तुम्ही सांगतलं?

मनोहरराव : हरा असं नाही म्हणालो. जरा प्रेमानं खेळा, एवढंच.

दीक्षा : प्रेमानं.

मनोहरराव : हे बघ, व्हीलचेअरवरची मुलगी जिंकली की लोकांचे डोळे भरून येतात. डोळे भरले की हात सैल होतो. त्यावरच तुम्हा मुलांचा सराव चालतो ना? पुढच्या वर्षी हा हॉल आणि कोच, सगळं गिरिधरशेटच्या बुटीबोरीच्या फॅक्टरीकडून व्हायचंय. त्यांनी अजून शब्द दिलेला नाही. बाहेर समोसा खात एकटेच उभे आहेत, कोणाशी बोलत नाहीत.

दीक्षा : मागच्या वर्षी मी सदर भागातल्या डॉक्टरसाहेबाईले हरवलं होतं. कॉलेजचे चॅम्पियन होते म्हणे थे.

मनोहरराव : होतेच ते.

दीक्षा : थेबी प्रेमानं खेळले?

मनोहरराव : आता तो विषय कशाला?

दीक्षा : आईनं थो कप टीव्हीपाशी ठेवला हाय. घरी कोणी आलं का पयले कप दाखवते, मंग पाणी देते.

मनोहरराव : चांगलंच आहे की मग.

दीक्षा : त्या कपाच्या भरोशावर मी राज्याच्या निवडीले नाव देल्लं, काका. पुढच्या महिन्यात पुण्याले जाऊन राहिली. बाबानं सुट्टी काढली. अन् आता मले मालूमच नाही, मी कशी खेळतो ते.

मनोहरराव : छानच खेळतेस तू.

दीक्षा : तुम्ही नका सांगू जी.

(गिरिधरशेट हॉलमध्ये येतात. हातात रिकामी प्लेट.)

गिरिधर : मनोहरराव, डस्टबिन कुठं हाय?

मनोहरराव : या, शेट, या! दीक्षा तुमची माफीच मागत होती.

दीक्षा : नाही जी. माफी नव्हती मागून राहिली.

गिरिधर : मलेबी तसंच वाटलं. सच सांगू का, बेटा? मले जसं सांगितलं तसं मी केलं. मंग तू दुसरीबी सर्व्हिस नेटमध्ये घातली अन् सीधं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा समजलं. पण इतक्या लोकाइसमोर एकदम चांगलं कसं खेळायले लागू? सगळ्याले समजलं असतं ना.

दीक्षा : आता कोणी नाही.

मनोहरराव : शेटना घाई असेल गं...

गिरिधर : बसून खेळू का मी?

दीक्षा : प्लास्टिकची खुर्ची सरकत नाही. उभेच राहा. फक्त सर्व्हिस बाजूनं बाहेर नाही गेली पाहिजे, आमच्यासाठी तेवढा नियम हाय. बाकी जसं मारता तसं मारा.

गिरिधर : लागलं-बिगलं तर?

दीक्षा : चेंडू हाय जी, गोटा नाही.

गिरिधर : मनोहरराव, कोट पकडा अन् पॉइंट मोजा.

मनोहरराव : एक-शून्य. दोन-शून्य. शेट, अहो, थेट कोपऱ्यात मारताय तुम्ही!

दीक्षा : मारू द्या.

मनोहरराव : तीन-शून्य. चार... नाही, हा दीक्षाचा. शेट, सोडलात का?

गिरिधर : सोडला कुठं? दिसलाच नाही. ही वळली कुठून?

दीक्षा : अजून एक हाय तसली.

गिरिधर : येऊ दे.

मनोहरराव : तीन-दोन. काय हो, घाम आला तुम्हाला. पंखा लावू?

दीक्षा : नको, काका, चेंडू उडते.

गिरिधर : हं, आता घे माझी.

मनोहरराव : चार-दोन. पाच-दोन... सहा-तीन... शेट, मुलगी दमली असेल.

दीक्षा : तुम्ही मोजा ना, काका.

मनोहरराव : दहा-पाच. अकरा-पाच. म्हणजे शेट जिंकले. आता हे मी काय म्हणून जाहीर करू?

गिरिधर : कोणाले जाहीर करता? हॉल रिकामा हाय.

दीक्षा : शेटजी, माझे पाच झाले. त्यातले माझे किती?

गिरिधर : पाचही तुझेच. एकबी देल्ला नाही मी. एकासाठी तर खांदा दुखावला माझा.

दीक्षा : पाच.

गिरिधर : रडून राहिली का?

दीक्षा : नाही. मोजून राहिली.

मनोहरराव : शेट, मग ते पुढच्या वर्षाचं...

गिरिधर : हॉलचं अन् कोचचं करतो मी. पण कोच ओरडणारा पाहिजे. तुमच्यासारखा गोड बोलणारा नको.

मनोहरराव : बघतो. धरमपेठेत एक आहेत, त्यांच्याकडे मुलं टिकत नाहीत.

गिरिधर : चालेल. बेटा, राग येणार नसेल तर एक सांगू?

दीक्षा : सांगा.

गिरिधर : सर्व्हिस तुझी जबरदस्त हाय. पण बॅकहँड कच्चा. मनगट आधीच वाकवून ठेवतेस. अन् पॉइंट गेला का खाली पाहतेस, समोरच्याले लगेच समजते का हे घाबरली.

दीक्षा : हे मले आजवर कोणीच नाही सांगतलं.

मनोहरराव : दीक्षा, तुझा ऑटोवाला हॉर्न वाजवतोय. निघायचं ना?

दीक्षा : त्याले जरासं थांबाले सांगा, काका. शेटजी, थे मनगटाचं पुन्हा एकदा सांगा.