दर खेपेचा भाग

पर्थच्या विमानतळावर खाणीकडे निघालेल्यांची रांग लागली होती. खाणीवरची स्वयंपाकीण लोरेन कानात इअरफोन घालून उभी होती, पण त्यात काहीच वाजत नव्हतं. पुढच्या दोघांचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

“काय टेरेन्स, पॉडकास्ट उतरवून घेतलेस? तिकडे रेंज नाही.”

“लेकीच्या पॉडकास्टचा नवा भाग घेतला की. दर खेपेला घेतो.”

“ब्रॉनी आली का मग तुझ्याकडे राहायला?”

“ती कशाला येईल? नवऱ्याकडे मजेत आहे.”

“अरे, मागचा भाग ऐकलास ना?”

“हळू बोल. ऐकत नाही मी. डाउनलोड केला की तिचा आकडा वाढतो, पोरगी खूश होते. मग पुसून टाकतो आणि फुटबॉलच्या गप्पा ऐकतो.”

“एकही ऐकला नाहीस?”

“पहिला ऐकला होता, अर्धा. का? काय होतं त्यात?”

“शेवटी म्हणाली, ‘बाबा, मी घर सोडलंय. तोंडावर विचारायची लाज वाटते. तुमच्याकडे येऊ का?’”

रांग पुढे सरकली. टेरेन्स जागचा हलला नाही.

“कधीचा तो?”

“तीन आठवडे झाले. तू काही कळवलं नाहीस तिला?”

“कळवलं ना. त्याच दिवशी.”

“काय?”

“नेहमीचंच. ‘ऐकला गं. मस्त झालाय.’”