दोघांचा गेम

चहा घ्या, तोवर आमच्या गोडादऱ्यातल्या रघुनाथभाऊंचं सांगते. नवरा-बायको दोघंही कापडाच्या लूमवर कामाला होते. सुमन गेली, आता भाऊ एकटेच. परवा त्यांच्या घरातून किर्रर्र आवाज आला. मी कसली थांबते? गेलेच.

बघते तर भंगारातून आणलेला जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडलेला, आणि त्यात गेम चढत होता टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून! किरकिर तिचीच. गेम भाऊंनी मोबाइलवर बघून बघून स्वतः बनवलेला. पडद्यावर दोन लूम. धागा तुटला की बटण दाबून सांधायचा, आधी ज्याचा कापडाचा ताका पुरा तो जिंकला.

"नेटवर टाकलाय, वहिनी. कुठले कुठले लोक घेतात."

"अन् इथं तुमच्यासोबत कोण खेळतं?"

"मीच. दोन्ही हातांनी."

"मग जिंकतं कोण?"

"डावा हात. उजवा मी जरा हळू चालवतो. सुमनला हरलेलं चालायचं नाही."

"सरका, मी खेळते," म्हणत मी डावीकडे बसायला गेले.

"वहिनी, तिथं नको. तुम्ही उजवीकडे बसा ना."

बसले. माझा धागा तुटला, तेव्हा बटण मीही जरा उशिरानंच दाबलं.