कालिंदी ऊर्फ अनुचर

जबाब, दि. २७ जानेवारी

नाव हेमकांत चुडामण चौधरी, वय ६३ वर्षे, धंदा शेती (माजी नौसैनिक), रा. मौजे आमखेडे, ता. तळोदा, जि. नंदुरबार.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी प्रतिभा हिच्यासोबत राहतो. केळी व पपईची बागायत आहे. शेतीपूर्वी मी नौदलात होतो. त्यापैकी सहा वर्षे 'कालिंदी' या युद्धनौकेवर तोफेच्या तुकडीत काम केले. पुढच्या डेकवर दोन नळ्यांची तोफ होती, ती माझ्या ताब्यात होती. पुढे नौका जुनी झाली म्हणून धक्क्याला बांधून ठेवली. ती भंगारात जाणार असे आम्हाला सांगण्यात आले. तेव्हा मी निवृत्ती घेऊन गावी आलो. त्यानंतर मी समुद्र पाहिलेला नाही. मुलगी सुरतेला दिली आहे, तिच्याकडे जाणे होते, पण किनाऱ्यावर गेलो नाही.

जखमी इंद्रसिंग भीमसिंग पाडवी, वय ४२, यास मी त्याच्या लहानपणापासून ओळखतो. त्याचे वडील सातपुड्यातील काठी गावाकडून येऊन आमच्या शेतावर वर्षाच्या बोलीने सालदार म्हणून राहिले होते. नौदलात भरती असते, हे त्यास मीच सांगितले. तो पाणबुड्या, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणारा, म्हणून भरती झाला. वादळात उलटलेल्या बोटीवरचे मच्छीमार त्याने पाण्यात उडी मारून वर काढले, त्याबद्दल त्यास पदक आहे. तो गेल्या दिवाळीला निवृत्त होऊन गावी आला. पुढील महिन्यापासून तापीकाठच्या गावांतील तरुणांना पुरातून माणसे काढण्याचे शिक्षण तो देणार होता.

प्रजासत्ताक दिनी ग्रामपंचायतीत त्याचा सत्कार ठरला. मी निवृत्त होऊन आलो तेव्हा सत्कार झाला नव्हता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दि. २४ रोजी सकाळी ग्रामपंचायतीच्या कमानीवर लोखंडी चौकटीत मोठा फलक लागला. त्यावर एका बाजूस इंद्रसिंग व दुसऱ्या बाजूस जहाज, खाली 'आयएनएस अनुचर' अशी अक्षरे होती. मी दूध घालून परत येत होतो. फलक पाहून मी थांबलो. ती कालिंदी होती.

ओळख कशी पटली असे विचारल्यावरून सांगतो की, रंग बदललेला होता, बाजूवरचा आकडा बदललेला होता, मागच्या भागावर रबरी बोटी व पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांसाठीची लोखंडी टाकी बसवलेली होती. पुढच्या डेकवर तोफेऐवजी क्रेन होती. परंतु क्रेन ज्या गोल बैठकीवर उभी होती, ती बैठक तोफेची आहे. तसेच डाव्या नांगराजवळ पत्र्याचे चौकोनी ठिगळ आहे. धक्क्याला नौका घासली तेव्हा ते बसवले, त्या वेळी मी तेथे उभा होतो. कोणी कितीही रंग दिला तरी मला ती ओळखू येते.

मी तेथे किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. पत्नी मला शोधत आली. ती म्हणाली, "येवढं काय देखी ऱ्हायनात त्या फोटोकडे? दूधनी किटली उन्हमा तापी गयी."

मी म्हणालो, "हाई मन्हं जहाज शे."

ती म्हणाली, "तुम्हनं तं भंगारमा गयं व्हतं ना?"

मी किटली उचलली.

त्याच दिवशी मी सरपंच चेतनाबाई यांना भेटलो. 'अनुचर' या नावाखाली 'पूर्वीची युद्धनौका कालिंदी' एवढी ओळ टाकावी, अशी विनंती केली. अनुचर म्हणजे मागे मागे चालणारा नोकर, हेही त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या की फलक तळोद्याहून छापून आला आहे, आता बदल होणार नाही, आणि सत्कार इंद्रसिंगचा आहे, जहाजाचा नाही.

दुसऱ्या दिवशी, दि. २५ रोजी सकाळी मी इंद्रसिंगच्या घरी गेलो. त्याची पत्नी रविना हिने चहा केला. मी त्यास विचारले, तुझे जहाज पूर्वी कोणते होते हे तुला माहीत आहे का. त्यास माहीत होते. जेवणाच्या खोलीत जुन्या नावाची पितळी पट्टी होती, असे तो म्हणाला. माझी कालिंदी तीच, हे माहीत असून, तू तिच्यावर होतास त्या सतरा वर्षांत एकदाही का सांगितले नाहीस, असे मी विचारले. तो म्हणाला, "नाना, तुम्हले वाईट वाटी, म्हनीसन नही सांगं."

मग तो तिच्याविषयी बोलू लागला. थंडीत इंजिन सुरू होताना ती कशी खोकायची, उजवीकडे वळताना कशी हट्ट करायची, हे सर्व त्यास ठाऊक होते. ते मलाही ठाऊक होते. परंतु तो पुढे म्हणाला की, तोफ काढल्यावर ती हलकी झाली, लाटेवर अलगद चढायची. "तुम्हना टायमाले जड व्हई ना, नाना? नाक पानीमा घालत व्हई."

तो हे सहज म्हणाला. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. ती माझ्या वेळी नाक पाण्यात घालत असे, हे खरे आहे. तिच्यावरून मी युद्धात एकही गोळा उडवला नाही, हेही खरे आहे. सराव झाला तेवढाच. चहा मी पूर्ण घेतला नाही.

त्याच दिवशी दुपारी गावातील बरेच लोक बाजाराला गेले होते. मी घरून शिडी घेऊन कमानीजवळ गेलो. फलक उतरवून ती ओळ स्वतः रंगाने लिहावी, असा माझा विचार होता. मात्र रंगाचा डबा व ब्रश मी सोबत नेले नव्हते. हे साहेबांनी विचारले म्हणून सांगितले.

चौकट चार कोपऱ्यांना नायलॉनच्या दोरीने बांधलेली होती. मी तीन गाठी सोडल्या. चौकट एका दोरीवर लोंबकळू लागली. शिडीही हलत होती. तेवढ्यात इंद्रसिंग आला. त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली व म्हणाला, "नाना, खाले उतरा. तुम्ही पडशात. मी काढी देस."

त्यानंतर चौकट खाली आली. तिची कड त्याच्या उजव्या खांद्यावर बसली. तो खाली बसला, पण शिडी त्याने डाव्या हाताने धरून ठेवली. मी उतरेपर्यंत त्याने ती सोडली नाही. लोक जमले. रविना पळत आली. त्यास जीपने तळोद्याला व तेथून नंदुरबारला नेले. खांद्याचे हाड मोडले आहे. हात पूर्वीसारखा वर जाईल की नाही, हे आज सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणतात. सत्कार झाला नाही.

काल मी दवाखान्यात गेलो. रविनाने खुर्ची पुढे केली व ती बाहेर गेली. इंद्रसिंगने त्याच्या जबाबात 'दोरी आपोआप सुटली, नानांचा दोष नाही' असे लिहून दिल्याचे मला त्याच्याकडूनच समजले. तो म्हणाला, "तुम्ही बी तेच सांगा. मिटी गयं. ह्या वयमा तुम्ही कोर्टना चक्करा कसाले मारतस?"

मी त्यास हो म्हणालो व घरी आलो. त्याचे म्हणणे पत्नीला सांगितले. तिने देवापुढे दिवा लावला आणि म्हणाली, "देवमानूस शे तो. त्यानी वाचाडं तुम्हले."

हे ऐकून मला राहवले नाही. गावात यापुढे असेच म्हटले जाईल. मच्छीमार वाचवले तसे हेमकांतलाही इंद्रसिंगने वाचवले. कालिंदी त्याला मिळाली. तिच्यावरून जे मला कधी करता आले नाही, ते त्याने केले. आता माझी चूकही त्याने पोटात घालून मोठे व्हावे, हे मला मान्य नाही. म्हणून आज मी आपण होऊन आलो. कोणी मला पाठवलेले नाही, कोणाचा दबाव नाही. मी येथे आल्याचे पत्नीला सांगितलेले नाही.

दोरी सुटली नाही. चौथी गाठ मी सोडली.

ती सोडताना खाली कोण आहे हे दिसत होते का, असे साहेबांनी विचारले. दिसत होते. गाठ सोडण्यापूर्वी मी खाली पाहिले. इंद्रसिंग वर पाहत होता, पण चौकटीकडे पाहत नव्हता. मी पडू नये म्हणून त्याची नजर माझ्या पायांवर होती. ते मी नीट पाहिले आणि मग गाठ सोडली.

माझे बोलणे अहिराणीत झाले, ते मराठीत उतरवले आहे. सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच लिहिले आहे व ते खरे आहे.

जबाब देणार,
(सही) हेमकांत चुडामण चौधरी