तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही

मी मूळची बार्शीची, वडील सूतगिरणीत, आई घरी, आम्ही तिघी बहिणी आणि त्यातली मी मधली, म्हणजे कुणाच्या लक्षात न येणारी. बी.कॉम. झाले, लग्न झालं, पुण्यात दोन वर्षं काढली आणि मग ह्यांच्या नोकरीपायी इकडं मिशिगनला आलो, ट्रॉयला, त्याला आता बरीच वर्षं झाली बघा. हे गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतात. मी ग्रीन कार्ड आल्यापासून एका शाळेच्या कॅफेटेरियात आहे, डोक्याला जाळी, हातात ग्लोव्ह्ज, पोरांच्या ट्रेमध्ये पास्ता वाढायचा. आमच्यातल्या बायका म्हणतात बी.कॉम. होऊन हे काय, पण मला आवडतंय ओ, पोरं थँक्यू म्हणून पुढं जातात, बरं वाटतं.

पण आधी आमच्या आईचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आईनं जन्मात कधी माझं कौतुक केलं नाही, म्हणजे लोकांसमोर तर नाहीच. ह्यांच्या घरचे मला बघायला आले तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, आणि आई सासूबाईंना म्हणते कशी, हिला स्वयंपाकातलं काही येत नाही, त्यात हट्टी आहे, तुम्हीच सांभाळून घ्या. तेच पोहे मी केलेले होते. सासूबाई लगेच म्हणाल्या, अहो असं कसं, चेहऱ्यावरनंच कळतंय गुणाची आहे. आणि मला इतकं भरून आलं, काय सांगू तुम्हाला, दोघींनी मिळून माझं कौतुकच केलं की ते. आमच्यात हे असंच असतंय, आपल्या लेकराचं आपण सांगायचं नाही, दृष्ट लागते, आपण नावं ठेवायची आणि समोरच्यानं नाही नाही म्हणायचं. हे कुणी शिकवत नाही, आपोआप येतं.

तर माझी रेवा. एकुलती एक, इथंच जन्मलेली, उंची माझ्या वडिलांची, नववीतच माझ्यापेक्षा टीचभर वर गेली. मराठी सगळं समजतं, बोलते इंग्लिशमध्ये. सातवीत बास्केटबॉल हातात घेतला तो घेतलाच, ह्यांनी ड्राइव्हवेवर खांब उभा करून बास्केट लावून दिली. सकाळी पाचला उठायची पोरगी, स्वतः, थंडीत हातात फावडं घेऊन आधी बास्केटखालचं बर्फ काढायची आणि मग शाळेची वेळ होईपर्यंत धप धप धप, शेजारचा म्हातारा एकदा तक्रार करायला आला आणि तिला बघून तसाच परत गेला. मी स्वयंपाकघरात डबा भरता भरता तो आवाज ऐकायची. तो आवाज थांबला की शाळेची वेळ झाली, घड्याळ बघायला लागायचं नाही.

मोठ्या कॉलेजांतनं खेळासाठी कुणी विचारलं नाही. हे रोज ऑफिसातनं आले की तिचे व्हिडिओ जोडत बसायचे, कोचेसना पाठवायचे, उत्तर नाही. बारावीच्या वर्षी, सगळं संपलं असं वाटत असताना, इलिनॉयमधल्या एका ज्युनियर कॉलेजच्या कोचचा फोन आला. दोन वर्षांचं कॉलेज असतंय ते, लहान गावात, तिथं दोन वर्षं चांगलं खेळलं की मग चार वर्षांचं कॉलेज घेतं, असा रस्ता असतो. बार्शीला फोनवर बहिणीला सांगितलं तर म्हणाली, ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी ना, मग परत का? इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक म्हणाले, एवढ्या हुशार मुलीला तिकडं कशाला पाठवता. रेवाला कशाचं काय, ती नुसती चालताना पण उड्या मारत होती. टीममध्ये एकच जागा राहिलीय, मुली दोघी आहेत, आणि ठरवायच्या आधी मी घरी येऊन भेटणार, असं कोच म्हणाली.

आली की ती, सहा तास ड्राइव्ह करून. माझ्याच वयाची बाई, उंच, केस पांढरे, कुणी न सांगता दारात बूट काढले. मला इतकी आवडली म्हणून सांगू, आपल्यातलीच वाटली. मी पोहे केले होते, तिनं दोनदा घेतले. रेवाशी बोलली, ह्यांच्याशी बोलली, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, आता आई, तू सांग, घरी कशी आहे ही?

आणि मी सांगितलं. हसत हसत सांगितलं बघा. म्हटलं, कसलं काय, महाआळशी आहे, तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही, कुणाचं ऐकत नाही, रागीट आहे, आता तुम्हीच काय ते शिकवा. इंग्लिशमध्ये सांगितलं पण आईच्याच सुरात, आणि थांबले, की आता ही म्हणेल, छे छे, असं कसं.

तिनं मान हलवली आणि वहीत लिहिलं. म्हणाली, खरं सांगितल्याबद्दल थँक्यू. रेवा माझ्याकडं बघत होती. मी तिला डोळ्यांनीच म्हटलं, अगं थांब, आता म्हणेल. मला त्या क्षणीसुद्धा कळलं नव्हतं ओ.

चार दिवसांनी मेसेज आला. दुसऱ्या मुलीला घेतलं. गुणी खेळाडू आहेस, पण आमच्याकडं शिस्तीचं काम पहाटे सुरू होतं, वगैरे. रेवानं फोन माझ्यासमोर धरला. मॉम, यू टोल्ड हर आय ॲम लेझी. म्हटलं, अगं बाळा, तसं म्हणायचं असतंय. व्हाय? म्हणाली. खरंच सांगते, एवढं जन्मभर करत आले आणि का करतात ते मला सांगता येईना.

मी दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियातनंच त्या कोचला फोन लावला, जाळी डोक्यावर तशीच, रडत रडत सगळं सांगितलं, आमच्यात कसं असतं, ते खोटं होतं, ती पाचला उठते. बाईनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, आय ॲम सो सॉरी, मी वीस वर्षं घरोघरी जाते, प्रत्येक आई म्हणते माझी पोर सगळ्यांत मेहनती, त्यामुळं मी कुणाचंच धरत नाही. वाईट सांगणारी तू एकटीच भेटलीस, म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवला. जागा भरली होती, तिच्या हातात काही राहिलं नव्हतं.

हे म्हणाले, जाऊ दे, तुझ्या मनात तसं नव्हतं. मनातलं कोण विचारतंय. रेवा आता इथल्याच कॉलेजात जाते, एक्स-रे काढायचं शिकते, दुपारनंतर फार्मसीत काम करते. भांडत नाही हो, भांडली असती तर बरं झालं असतं. ओके मॉम, येस मॉम, एवढंच. आठ वाजेपर्यंत झोपते आता, आणि मला हाका माराव्या लागतात, खरंच तीन. या हिवाळ्यात बास्केटखालचं बर्फ कुणी काढलं नाही.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. तिथं पुण्याहून आलेल्या एक काकू भेटल्या, म्हणाल्या, ही का तुमची रेवा? मी ठरवूनच गेले होते, आता लाज नाही धरायची. म्हटलं, हो काकू, फार गुणी आहे, फार मेहनती, असं लेकरू मिळायला भाग्य लागतं. तर रेवा शेजारीच उभी, हातात ताट, आणि मराठीत म्हणाली, बरं का, स्वच्छ मराठीत, नाही हो काकू, आळशी आहे मी, आई तीन हाका मारते तेव्हा उठते.

काकू लगेच म्हणाल्या, अगं असं कसं, चेहऱ्यावरनंच कळतंय किती गुणाची आहेस. सगळ्या हसल्या. रेवा पण हसली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता माझं काय, दिवस चाललेत. पोरगी जिथं राहील तिथं सुखात राहो, माझ्याशी बोलो न बोलो. तुम्ही हे लिहिणार म्हणालात म्हणून सांगितलं. बाकी काय लिहायचं ते लिहा, पण एवढं नीट लिहा, माझ्या नावानं लिहा. ती पाचला उठायची. सहा वर्षांत मी तिला एकदाही हाक मारली नाही.