मे महिन्यातला गराडू

"हॅलो? …हं आई, बोल… अगं येतंय ऐकू, कढईचा आवाज आहे जरा… नाही, घरी नाही. बाहेर आलोय. गराडू खायला… कुणाबरोबर म्हणजे? कस्तुरीबरोबर! किती वेळा विचारशील?"

अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत, गराडू तळणाऱ्या शामच्या गाडीपाशी, हातात गरम द्रोण धरून क्षितिजा एकटीच उभी होती. कस्तुरी नावाचं कुणी नव्हतंच. इंदूरला नोकरी लागून वर्ष होत आलं, तरी ऑफिसातल्या ओळखी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे सरकल्या नव्हत्या. आणि बार्शीहून निघताना आईने बजावलं होतं, एकटी कुढत बसायची वेळ आली तर मुकाट परत यायचं. म्हणून पोरीने पहिल्याच महिन्यात एक मैत्रीण जन्माला घातली. मग तिला घर दिलं, सुगरण आई दिली, आणि त्या घरी काय काय शिजतं ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून आईला सांगत राहिली. एक खोटं निस्तरायला दहा खोटी लागतात, ती तिने तिखटमीठ लावून पुरवली.

"…अगं कंद असतो तो. कोनफळासारखा. दोनदा तळतात… वर जीरावन टाकतात, आणि लिंबू… जीरावन. मसाला गं… हो, मस्त लागतो… मजा येतेय खूप."

द्रोणातल्या फोडीला तिने अजून हातही लावला नव्हता.

"हुरड्याला? कधी? …कोण कोण गेलं होतं? …आणि लसणाची चटणी? …नाही गं, आवाज कुठे बसलाय. ठसका लागला."

शेजारी स्वेटरवर शाल घेतलेली एक म्हातारी अर्धा द्रोण घेऊन उभी होती. मघापासून ती या पोरीचं सगळं ऐकत होती. आता तिला राहवेना.

"अगं बेटा, फोन बाद में! पहिले निंबू पिळ. ठंडा झाला ना गराडू, की मिट्टी होतो."

"…काय आई? …मराठी? …हां, ते… त्या… कस्तुरीच्या आई."

शब्द तोंडून गेला आणि क्षितिजाला घाम फुटला.

"नको गं, खातायत त्या… अगं ऐक ना… तिळाच्या वड्यांचं मी सांगते त्यांना, तू कशाला… आई, लोक आहेत इथे…"

म्हातारीने पदराला हात पुसला आणि पुढे केला. क्षितिजाने तिच्याकडे गयावया करून बघितलं आणि फोन दिला.

"हॅलो? नमस्कार ताई… हो हो, कस्तुरीची आई… अहो, मेहरबानी कसली! गुणाची पोर आहे तुमची… खाते, खाते. मी समोर बसवून खाऊ घालते… वड्या? जरूर पाठवा! गजक मिळते इथे, पण घरची वडी ती घरचीच."

क्षितिजाच्या जिवात जीव आला. या बाईच्या इथेच पाया पडावं, असं तिला वाटलं.

"…कधी म्हणता? मे महिन्यात? …कोणी, मी खिलवला? गराडू? …छे हो ताई! मे महिन्यात गराडू कुठून आणू? ठंडी पडल्याशिवाय तो दिसत पण नाही बाजारात! गर्मीत शिकंजी प्यावी, केरीचं पन्हं प्यावं. मे महिन्यात गराडू तळला तर इंदूर हसेल माझ्यावर!"

बोलून झाल्यावर म्हातारीने जीभ चावली. इंदूरचं माणूस एक वेळ खोटी साक्ष देईल, पण खाण्याच्या बाबतीत नाही. क्षितिजाने डोळे मिटून घेतले. मे महिन्यात एक व्हिडिओ बघून तिनेच आईला सांगितलं होतं, कस्तुरीकडे आज गराडू होता.

"…हं… हो ताई… नाही, मी कोणी नाही तिची. इथे जवळच राहते. आनंदीबाई… अच्छा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? …शेजारची सून इकडची, देवासची आहे? मग बरोबर, ती सांगणारच… पण मग पोरीला विचारलं का नाही तुम्ही? …"

आनंदीबाईने आपला द्रोण गाडीच्या कडेला ठेवला आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"…हं. खरं आहे. फोन करणंच बंद केलं असतं तिने… हो, एकटीच आहे… मी? मी पण एकटीच येते जी. यांना फार पसंत होता गराडू. एकटीला पूरा द्रोण संपत नाही, म्हणून आधाच घेते… नाही, रडत नाहीये ती. मिर्ची लागली… परत बोलावणार तिला? …ते तिलाच विचारा ताई. देते."

"…हॅलो. …आई. …हो. …नाही, दिवसा काही नाही वाटत. संध्याकाळी वाटतं. जेवायला बसल्यावर… हो. खूप एकटं वाटतं." वर्षभरात हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली. "…नाही, परत नको बोलावूस. काम आवडतं मला… नाही सांगणार आता काही खोटं. शप्पथ… अगं, तू का रडतेस? …वड्या? दोन डबे कशाला, कस्तुरी तर… हं. आनंदीबाईंना. …घर कुठे ते विचारते ना… हॅलो? आई? …हॅलो?"

रेंज गेली होती. क्षितिजाने मान वळवली तर शेजारी कुणी नव्हतं. आनंदीबाई केव्हाच निघून गेली होती. जाताना आपल्या द्रोणातल्या फोडी पुन्हा गरम करून घेऊन तिने हिच्या द्रोणात ओतल्या होत्या.

"रोज आती हैं," शाम झारा आपटत म्हणाला. "जब तक ठंड है."

क्षितिजाने लिंबू पिळलं आणि एक फोड तोंडात टाकली. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखी मऊ, आणि मागून जीरावनचा आंबट झटका. इतकी छान चव की कुणाला तरी लगेच सांगावीशी वाटली. सवयीने ती शेजारी वळली. तिथे नुसतं धुकं होतं. तिला फार म्हणजे फार एकटं वाटलं. मग तिने पुन्हा नंबर लावला.

"हॅलो? आई, कट झाला गं मघाशी… हो, खाल्ला. आत्ता. पहिल्यांदाच… थांब, सांगते ना. कसा लागतो ते आता खरं खरं सांगते."